हाताने घडविलेले पत्र

पत्र म्हणजे अर्धी भेट, असे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. ही म्हण रूढ झाली, त्या काळी दूरच्या माणसाची खुशाली कळण्यास पत्रावाचून दुसरे साधनच नव्हते. आज तशी स्थिती राहिलेली नाही. भ्रमणध्वनीवर चार अक्षरे उमटविली की ती क्षणार्धात समुद्रापलीकडे पोहोचतात. कामाचा निरोप धाडावयाचा असेल, तर याहून सोयीचे साधन नाही आणि त्याचा उपयोग न करण्यात काही शहाणपणही नाही. परंतु वर्गातील एखादा मित्र गाव सोडून गेला असेल, अथवा एखादी मैत्रीण आजारपणामुळे महिनोन्महिने अंथरुणास खिळली असेल, तर तिला केवळ निरोप नको असतो. आपली कोणास तरी आठवण आहे, आपल्यासाठी कोणी तरी आपला वेळ वेचला आहे, ही खूण तिला हवी असते. हाताने लिहिलेले, हाताने सजविलेले आणि हाताने केलेल्या लिफाफ्यातून आलेले पत्र ही खूण घेऊन येते. असे पत्र कसे तयार करावे, त्यात काय असावे व काय नसावे आणि ते सुखरूप पोहोचावे म्हणून कोणती काळजी घ्यावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पत्र सजविण्याची कल्पना नवी नाही. राजेरजवाड्यांची पत्रे सोन्याचे बारीक शिंतोडे उडविलेल्या कागदावर लिहिली जात आणि किनखापी थैलीत घालून पाठविली जात. अशा थैलीबंद पत्रास खरिता म्हणत. सतराव्या शतकात विजापूरकडील कारागीर पाण्यावर रंग तरंगवून त्यांची नक्षी कागदावर उतरवून घेत. ढगांसारख्या दिसणाऱ्या या कागदास अब्री असे नाव होते. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असलेली छोटी मुद्रा उमटविलेली असे. ‘येथे मर्यादा शोभते’ असा तिचा अर्थ. ती दिसण्यास सुंदर होती खरी. परंतु पत्र येथे संपले, यापुढे कोणी अधिक मजकूर घुसडू नये, हे सांगणे हे तिचे खरे काम होते. म्हणजे शोभा आणि उपयोग या दोन गोष्टी तेथे एकत्र नांदत होत्या.

सामान्य माणसांच्या घरीही कागदाला अशी भाषा होती. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावण्याची चाल आजही आहे. याउलट, कित्येक ठिकाणी मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून ते पाठवीत. ज्यास वाचता येत नसे, त्यासही फाटका कोपरा पाहून काय घडले ते समजे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. अक्षरे वाचण्यापूर्वीच कागद बोलू लागतो. सजविलेले पत्र म्हणजे कागदाला जे सांगावयाचे आहे, ते विचारपूर्वक सांगू देणे होय.

अशा एका पत्राची हकीकत प्रसिद्ध आहे. १८९३ सालच्या सप्टेंबर महिन्यात बिआट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्त्री स्कॉटलंडमध्ये मुक्कामास होत्या. त्यांना पूर्वी शिकविणाऱ्या बाईंचा नोएल नावाचा पाच वर्षांचा मुलगा त्या वेळी आजारी होता. ४ सप्टेंबर रोजी पॉटरबाईंनी त्यास पत्र लिहिले. कळविण्याजोगी विशेष बातमी त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून त्यांनी चार लहान सशांची एक गोष्ट रचली आणि मजकुराच्या मधूनमधून शाईने छोटी छोटी चित्रे काढली. त्या पत्रात रंग नव्हते, की भारी कागद नव्हता. परंतु अंथरुणावर पडलेल्या मुलाला काय आवडेल, याचा नेमका विचार त्यात होता. काही वर्षांनी त्या गोष्टीचे पुस्तक करावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा त्यांनी ते पत्र पाहण्यासाठी परत मागितले. मुलाने ते जपून ठेवले होते! १९०१ साली पॉटरबाईंनी स्वखर्चाने त्या पुस्तकाच्या २५० प्रती छापल्या आणि १९०२ साली प्रकाशकाने ते प्रसिद्ध केले. पीटर नावाच्या सशाची ती गोष्ट पुढे जगभरच्या मुलांनी वाचली. एका मुलासाठी मनापासून केलेली गोष्ट अनेकांना आपली वाटली, ती अशी.

आता प्रत्यक्ष पत्राकडे वळू. प्रथम कागदाचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्राला हातकागदाची मोठी परंपरा आहे. दौलताबादेजवळील कागजीपुरा या गावाचे नावच तेथील धंद्यावरून पडले आहे. जुन्नरचा कागदही पूर्वी नावाजलेला होता. पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था स्थापन झाली आणि मागे पडत चाललेल्या या कलेला पुन्हा आधार मिळाला. चिंध्या व इतर तंतुमय पदार्थ कुटून त्यांचा लगदा करतात, तो पाण्यात कालवून चाळणीवजा साच्याने उचलतात आणि वाळवितात. असा कागद जाड, किंचित खरबरीत आणि चिवट असतो. आवरणासाठी किंवा चित्राच्या पाठीसाठी तो उत्तम. परंतु त्यावर शाई फुटण्याचा संभव असल्यामुळे कोपऱ्यावर एक अक्षर लिहून पाहावे आणि मगच लेखणी चालवावी.

हातकागद मिळाला नाही, तरी अडत नाही. दुकानात मिळणारा नेहमीचा ए-४ मापाचा पांढरा कागद पुरेसा आहे. मात्र त्याचा एक गुण माहीत असावा. कागद कारखान्यात तयार होतो, तेव्हा लगदा पुढे सरकत्या जाळीवर पसरला जातो, त्यामुळे त्यातील बहुतेक तंतू एका दिशेला लागतात. या दिशेने कागदाची घडी सरळ व स्वच्छ पडते. तिच्या आडव्या दिशेने घातली, तर घडीवर कागद तडकतो. जाड कागदात हा फरक विशेष जाणवतो. दिशा ओळखण्याचा उपाय सोपा आहे. कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूने तंतू लागलेले आहेत असे समजावे. सुतार लाकडाची शीर पाहून रंधा चालवितो. कागदाचे काम करणाऱ्यानेही तोच नियम पाळावा.

साधनेही घरची असावीत. कात्री, पट्टी, पेन्सिल, घडी दाबण्यास चमच्याचा गुळगुळीत दांडा आणि चिकटविण्यास खळ, एवढ्यावर सर्व काम भागते. खळ करण्यास दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवावा, त्यात आणखी पाणी घालून तो मंद आचेवर ढवळीत राहावा. मैद्यातील पिष्टाचे कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात आणि पांढरे पाणी हळूहळू दाट व अर्धपारदर्शक होते. ते तसे झाले की भांडे उतरवावे. हे काम घरातील वडील माणूस जवळ असताना करावे. खळ नेहमी पातळ थरात लावावी. कारण ओलाव्याने कागद फुगतो आणि वाळताना त्यास सुरकुत्या पडतात. चिकटविलेला भाग दोन कोऱ्या कागदांमध्ये धरून जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवला, म्हणजे तो सपाट राहतो. बांधणी करणारे लोक वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत असत. परंतु मोरचूद विषारी आहे, मुलांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

पत्र आणि लिफाफा मिळून दोन कागद पुरतात. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर लांब असतो. पहिला कागद एकदा आडवा आणि एकदा उभा दुमडला की सुमारे १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरची चौपदरी पुस्तिका होते. हे झाले पत्र. दुसऱ्या कागदातून २१ सेंटिमीटर बाजूचा चौरस कापून घ्यावा. तो चौरस एक कोपरा आपल्याकडे येईल असा, म्हणजे पतंगासारखा, समोर ठेवावा. त्याच्या मध्यभागी पुस्तिका आडवी ठेवून तिच्या चारी बाजूंना अडीच-तीन मिलिमीटर जागा सुटेल असा आयत पेन्सिलीने आखावा. पुस्तिका बाजूला काढून आखलेल्या रेषांवर चारी कोपरे आत दुमडावेत. प्रथम डावा व उजवा कोपरा दुमडावा, त्यांवर खालचा कोपरा आणून कडेने चिकटवावा. वरचा कोपरा झाकणासाठी मोकळा राहतो. दुमडलेले कोपरे एकमेकांवर पुरेसे येतात, त्यामुळे वेगळी पट्टी लावावी लागत नाही. चौरस कापल्यावर उरलेली सुमारे ८.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी टाकून देऊ नये. पुढे सजावटीला तीच कामास येते.

येथे कोणी विचारील, की तयार अंतर्देशीय पत्र घेतले तर काय बिघडले? भारतात अंतर्देशीय पत्र १९५० साली सुरू झाले आणि त्याने लक्षावधी लोकांची सोय केली. परंतु ते स्वतःच कागद आणि स्वतःच लिफाफा असते. त्यात दुसरे काहीही घालून पाठविण्यास मनाई आहे. १८७९ साली पाव आण्याला मिळू लागलेले पोस्टकार्ड तर उघडेच. म्हणून ज्या पत्रात काही ठेवावयाचे आहे, त्यास लिफाफाच हवा.

पत्रात ठेवण्याजोग्या वस्तूंमध्ये सर्वांत आनंद देणारी वस्तू म्हणजे उघडताच उभे राहणारे चित्र. ते करणे वाटते तितके अवघड नाही. २० सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर रुंद असा जाड कागद घेऊन तो मधोमध दुमडावा, म्हणजे १० सेंटिमीटर रुंदीची दोन पाने होतील. घडीच्या कडेपासून आत, एकमेकींपासून तीन सेंटिमीटर अंतरावर, सारख्या लांबीच्या दोन समांतर चिरा कात्रीने द्याव्यात. दोन चिरांमधील पट्टी प्रथम एकदा मागे व एकदा पुढे दुमडून तिच्या टोकाशी घडीची रेघ पाडावी. नंतर कागद अर्धवट उघडून ती पट्टी बोटाने आतल्या बाजूस ढकलावी. कागद काटकोनात उघडला, की पट्टीची चौकोनी पायरी उभी राहते. या पायरीच्या दर्शनी बाजूवर झाड, घर, बैलगाडी, शाळेची घंटा, जे हवे ते चित्र कापून चिकटवावे. पत्र मिटले की चित्र आडवे होते, उघडले की उठून उभे राहते.

यामागे भूमितीचा एक साधा नियम आहे. पान मिटलेले असताना पट्टीचे टोक मूळ घडीपासून चिरेच्या दुप्पट अंतरावर जाऊन पोहोचते. चीर चार सेंटिमीटर असेल, तर टोक आठ सेंटिमीटरवर येईल आणि दहा सेंटिमीटरच्या पानात झाकले जाईल. चीर सहा सेंटिमीटर घेतली, तर ते बारा सेंटिमीटरवर जाईल, म्हणजे दोन सेंटिमीटर बाहेर डोकावेल आणि उघडण्यापूर्वीच गुपित फुटेल. म्हणून चिरेची लांबी पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून नेहमी कमी असावी. चिकटविलेल्या चित्राची उंचीही याच हिशेबाने ठरवावी.

दुसरी सुंदर वस्तू निसर्गच देतो. पिंपळाचे पक्के पान पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवावे व मधूनमधून पाणी बदलावे. पानातील मऊ भाग कुजून सुटतो. शिरा मात्र चिवट असल्यामुळे टिकून राहतात. मऊ कुंचल्याने हलकेच साफ केले, की जाळीदार पान हाती येते. पुस्तकात दाबून वाळविलेली ही जाळी वजनाला जवळजवळ नसल्यासारखी आणि दिसण्यास विणलेल्या वस्त्रासारखी असते. तिच्याखाली रंगीत कागद लावला, म्हणजे नक्षी उठून दिसते. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की परदेशी पाठवावयाच्या पत्रात पाने, फुले अथवा बिया घालू नयेत. पिकांचे रोग व किडी पसरू नयेत म्हणून अनेक देशांनी त्यांवर निर्बंध घातलेले आहेत.

याखेरीज आपल्या सणांनी मुलांच्या हातांना पुष्कळ कसब दिलेले आहे. दिवाळीत आकाशकंदील करणाऱ्या, उत्सवात पताका कापणाऱ्या मुलास पतंगी कागद कसा दुमडावा व कसा कातरावा, हे शिकवावे लागत नाही. चौकोनी कागद तीनदा दुमडून त्याच्या कडांवर त्रिकोण व अर्धवर्तुळे कापली, तर उलगडल्यावर जाळीची नक्षी मिळते. ठिपक्यांची रांगोळी, वारली चित्रांतील त्रिकोणी माणसे यांची किनार मजकुराभोवती शोभते. लिफाफ्यातून उरलेल्या पट्टीचा छोटा खिसा करून पत्राच्या आतल्या पानावर चिकटविता येतो. त्यात वर्गाच्या फळ्यावर लिहिलेला त्या दिवसाचा सुविचार, नव्या कवितेची स्वतः उतरून घेतलेली प्रत अथवा सर्व वर्गमित्रांच्या सह्या ठेवता येतात. पतंगी कागदाचा रंग पाणी लागताच सुटतो, म्हणून तो मजकुराला लागून चिकटवू नये.

संक्रांतीला लिफाफ्यातून हलव्याचे चार दाणे पाठविण्याची रीत पुष्कळ घरी होती. गोड बोलण्याची ती आठवण पावलेल्या माणसास फार मोलाची वाटे. परंतु टपालात पत्रे एकमेकांवर रचली जातात, त्यांवर शिक्के बसतात, पिशव्यांत ती दाबली जातात. दाण्यांचा गोळा झाला तर कागद फाटतो, साखर फुटली तर मुंग्या येतात. म्हणून अशी वस्तू फार थोडी व सपाट पसरून घालावी. टाचण्या, काचेचे मणी, धातूची पिने यांना पत्रात मुळीच स्थान देऊ नये. पत्रे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातांस त्यांनी इजा होते. सुटी चमकीही टाळावी. ती दुसऱ्यांच्या पत्रांवर सांडते आणि पुष्कळदा प्लास्टिकची असल्यामुळे कित्येक वर्षे नष्ट होत नाही. आपल्या मित्राच्या आनंदासाठी दुसऱ्या कोणास त्रास देणे, हे सौजन्य नव्हे.

वजनाचा हिशेबही आधीच करावा. चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचा एक ए-४ ताव पाच ग्रॅम भरतो, कारण असे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे पत्राचे पाच ग्रॅम, लिफाफ्याचे साडेतीन ग्रॅम आणि उभ्या चित्राचा कागद २०० ग्रॅमचा असेल, तर त्याचे सुमारे साडेपाच ग्रॅम, असे एकूण चौदा ग्रॅम होतात. टपालाचे शुल्क वजनाच्या टप्प्यांनुसार आकारले जाते. पत्र बंद करून टपाल कचेरीत न्यावे, तेथे त्याचे वजन करवून घ्यावे आणि सांगतील तेवढ्या किमतीची तिकिटे लावावीत. तिकीट अपुरे पडले, तर उरलेला आकार पत्र घेणाऱ्याकडून वसूल होतो. भेट पाठवून तिची किंमत मित्राकडूनच घ्यावी, असा तो प्रकार होईल.

परंतु कितीही कुशलतेने सजविले, तरी पत्र हे अखेर शब्दांसाठी असते. सजावटीने भरलेल्या पत्रात लिहिण्यास जागाच उरली नाही, तर ते देव्हारा सुंदर आणि आत देव नाही असे होईल. पूर्वी मराठी पत्रलेखनात मायन्याला फार महत्त्व असे. वडिलांस तीर्थरूप, लहानास चिरंजीव, बरोबरीच्या मित्रास सप्रेम नमस्कार. शेवटी कळावे, लोभ असावा ही विनंती. या ठरीव शब्दांतही नात्याची जाण होती. आज मायना लहान झाला तरी हरकत नाही, जाण मात्र तीच हवी. मजकुरात ‘येथे सर्व कुशल आहे’ एवढेच लिहून थांबू नये. शाळेच्या आवारातील आंब्याला यंदा मोहोर आला का, मित्र ज्या बाकावर बसे तेथे आता कोण बसते, कबड्डीच्या सामन्यात शेवटची चढाई कोणी केली, गणिताचा कोणता धडा चालू आहे, हे लिहावे. दूर गेलेल्या माणसास मोठ्या बातम्या वर्तमानपत्रातून कळतात. या लहान बातम्या त्यास दुसरे कोणी कळवीत नाही. साने गुरुजींनी आपल्या पुतणीला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांचे ते नाव सजावटीमुळे पडलेले नाही, हे आवर्जून लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणि सजावटही मित्राची आवड पाहूनच करावी. ज्यास नदी आवडते, त्यास नदी. ज्यास क्रिकेट आवडते, त्यास चेंडूफळी. आपणास येते म्हणून सर्वांना एकच मोर काढून पाठवू नये.

लिफाफ्याच्या पुढल्या बाजूवर सजावटीने पत्त्याची वाट अडवू नये. उजव्या बाजूचा वरचा कोपरा तिकिटासाठी मोकळा ठेवावा. पत्ता फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरांत लिहावा आणि पावसाळ्यात धुऊन जाईल अशा शाईने लिहू नये. स्वतःचा पत्ता मागील बाजूस लिहावा, म्हणजे पत्र न पोहोचल्यास परत येऊ शकेल. पत्त्याच्या अखेरीस पिनकोड अवश्य असावा. सहा अंकांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे तिचे जनक होत. देशात एकाच नावाची अनेक गावे, त्यात नाना भाषा व नाना लिप्या. अशा स्थितीत पत्र भलत्याच गावी जाणे नवलाचे नव्हते. अंकांना ती अडचण नसते. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. महाराष्ट्र व गोवा यांचा अंक ४ आहे. पहिले तीन अंक मिळून पत्रांची वाटणी करणारा जिल्हा कळतो, जसे मुंबईस ४००, गोव्यास ४०३, पुण्यास ४११. शेवटचे तीन अंक पत्र वाटणारी टपाल कचेरी सांगतात. एक अंक चुकला, की पत्राचा गाव चुकतो.

ज्याचे घर एका जागी आहे, त्यास पत्र पाठविणे सोपे. परंतु सर्वांचेच तसे नसते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची काही मुलेही वर्गातील जागा रिकामी ठेवून आईबापांबरोबर निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाजवळील कोपीत राहतात. कोपीला घर क्रमांक नसतो आणि एक फड संपला की टोळी पुढे सरकते. अशा मित्राचा पत्ता कसा लिहावा? त्यास आपल्या भाषेत जुना शब्द आहे, ‘मार्फत’. मुलाचे पूर्ण नाव, त्याच्या वडिलांचे नाव, मार्फत मुकादमाचे नाव, त्याखाली साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयाचा पत्ता व पिनकोड, असे लिहिल्यास पत्र त्याच्यापर्यंत पोहोचण्याची बरीच शाश्वती असते. मित्र निघण्यापूर्वीच ही माहिती विचारून ठेवावी. त्याहून चांगला उपाय असा, की वर्गाने आपला पत्ता लिहिलेली दोन-चार पोस्टकार्डे त्यास जाताना द्यावीत. तेथे पोहोचल्यावर त्याने फक्त ठिकाण कळवावयाचे. सजविलेल्या पत्रातही तिकीट लावलेले एक उत्तराचे पाकीट घडी घालून ठेवावे. ज्यास पाकीट आणण्यास सवड नाही किंवा पैसा नाही, त्याचेही उत्तर मग येऊ शकते.

अशा पत्राचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. मधूनच शाळा सुटलेल्या मुलास सर्वांत मोठे भय असते, ते आपण विसरले जाऊ याचे. सुटलेला अभ्यास भरून काढता येतो. परंतु आपली कोणी वाट पाहत नाही असे एकदा वाटू लागले, म्हणजे परतीचे पाऊल जड होते. वर्गाच्या सह्या असलेले, उघडताच शाळेची घंटा उभी करणारे पत्र त्यास सांगते, की बाकावरील तुझी जागा तुझीच आहे. सारे काम दोन कागद, थोडी खळ आणि एका दुपारचे असते.

पत्र पेटीत पडल्यावर ते पोहोचण्यास काही दिवस लागतात. १९२६ सालापासून आपल्या देशाची टपाल तिकिटे नाशिकच्या मुद्रणालयात छापली जाऊ लागली. त्यांतीलच एखादे तिकीट, त्यावर गावाचे नाव व तारीख सांगणारा शिक्का आणि प्रवासात किंचित मळलेल्या लिफाफ्याच्या कडा, हीदेखील त्या पत्राची सजावटच होते. मधले दिवस वाया गेले असे समजू नये. पाठविणारा त्या दिवसांत मित्राची आठवण काढीत असतो आणि पत्र पावल्यावर उत्तर लिहिणारा त्याची. मैत्री म्हणजे तरी दुसरे काय आहे? ज्यास आपण वेळ देतो, तोच आपला होतो. हाताने घडविलेले पत्र हा असा घडी घालून पाठविलेला वेळच होय.